अकरा हंगाम, दहा अंतिम सामने

(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हीरकमहोत्सव हा आठवणींचा सण असतो. कोण गुणवत्ता यादीत झळकले, कोण सैन्यात गेले, कोणी डॉक्टर होऊन नाव काढले, याची उजळणी अशा प्रसंगी होते आणि ती व्हावी हेही योग्यच आहे. परंतु एखाद्या संस्थेचे आयुष्य केवळ यशाच्या यादीवरून कळते काय? ज्या वर्षी यादीत एकही नाव नव्हते, त्या वर्षीही शाळेची घंटा वाजतच होती. त्या वर्षांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज वर्गखोलीतून थोडे बाहेर, क्रीडांगणाकडे वळू या. विषय आहे एका संघाचे हंगाम आणि त्या हंगामांतील सामन्यांचे निकाल. संघ आपल्याच मध्य प्रदेशातील, इंदूरचा. त्याचे नाव होळकर संघ.

तत्पूर्वी ‘हंगाम’ या शब्दाविषयी दोन शब्द. शेतीतला हा शब्द खेळात रुळला, त्यामागे इंग्लंडमधील फुटबॉलचा मोठा वाटा आहे. १८८८ साली तेथील बारा क्लबांनी एकत्र येऊन साखळी स्पर्धा सुरू केली. प्रत्येक क्लबने दुसऱ्या प्रत्येक क्लबाशी दोन सामने खेळायचे, एक स्वतःच्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, आणि शेवटी सर्वांचा मिळून एक तक्ता. पहिल्याच हंगामात प्रेस्टन नॉर्थ एन्ड या क्लबने २२ सामन्यांपैकी १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. पुढच्या वर्षीही विजेतेपद त्यांचेच होते. त्यानंतर आजतागायत तो क्लब देशाचा साखळी विजेता एकदाही झालेला नाही. मात्र तो अजून खेळतो आहे.

व्यापाऱ्याच्या रोजमेळात पान उलटले की नव्या पानाच्या माथ्यावर लिहितात, ‘मागील पानावरून पुढे’. गुणतक्त्यात ती सोय नसते. नवा हंगाम उजाडला की गतविजेत्याच्या नावापुढेही शून्य आणि शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्याच्या नावापुढेही शून्य. गेल्या वर्षीचा एकही गुण पुढे नेता येत नाही. होळकर संघाची कथा समजून घेताना हे शून्य ध्यानात ठेवावे लागते.

भारतात क्रिकेटची रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. इंदूर, ग्वाल्हेर, देवास आदी संस्थानांच्या मुलखातून आरंभी ‘मध्य भारत’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने एक संघ उतरत असे. १९४१-४२ पासून इंदूरचा संघ ‘होळकर’ या नावाने खेळू लागला. महाराज यशवंतराव होळकर दुसरे हे त्याचे आश्रयदाते, आणि त्याचे सर्वार्थाने नायक म्हणजे कर्नल सी. के. नायडू.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. त्या काळी जबलपूरही मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे नायडू हे जन्माने जबलपूरच्याच प्रांतातले. १९२३ मध्ये होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावून लष्करात हुद्दा दिला. १९२६ मध्ये मुंबईत पाहुण्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावांची धडाकेबाज खेळी केली. जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार नायडूच होते. असा पुरुष इंदूरच्या मैदानावर रोज सकाळी तरुणांकडून सराव करून घेत असेल, तर त्या मैदानातून काय उगवेल याची कल्पना करता येते.

आता हंगामांकडे वळू.

१९४४-४५. होळकर संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. प्रतिस्पर्धी मुंबई आणि मैदानही मुंबईचेच, ब्रेबोर्न स्टेडियम. या सामन्यात होळकर संघाकडून एक इंग्रज खेळाडू उतरला होता. त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन. हा लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबाचाही खेळाडू. महायुद्धात सैन्यात भरती होऊन तो इंदूरजवळच्या महूच्या छावणीत आला होता. फुटबॉलच्या तक्त्यात वाढलेला हा माणूस योगायोगाने होळकरांच्या हंगामात सामील झाला.

मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या. होळकरांपुढे विजयासाठी ८६७ धावांचे लक्ष्य उभे राहिले. इतक्या धावा चौथ्या डावात कोणी करीत नाही, हे मैदानावरील प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही मुश्ताक अली यांनी पहिल्या डावातील १०९ धावांवर न थांबता दुसऱ्या डावात १३९ केल्या. कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. संघ ४९२ धावांत बाद झाला आणि ३७४ धावांनी हरला. एका धनिकाने शतकापुढील प्रत्येक धावेमागे शंभर रुपये देण्याचे कबूल केले होते आणि डाव संपल्यावर तो गृहस्थ तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास निघून गेला, अशी हकीकत कॉम्प्टनच्या नावावर सांगितली जाते.

या सामन्यातील आणखी एक आकडा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. होळकरांचे फिरकी गोलंदाज सी. एस. नायडू, म्हणजे सी. कें.चे धाकटे बंधू, यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. ४२८ धावा दिल्या आणि ११ गडी बाद केले. ९१७ चेंडू म्हणजे जवळजवळ १५३ षटके. मार्च महिन्यातील मुंबईचे ऊन, समोर मर्चंटांसारखा न हलणारा फलंदाज, धावफलकावर पाचशे, सहाशे, सातशे. तरीही गोलंदाज प्रत्येक वेळी आपल्या खुणेपाशी परत जातो आणि पुन्हा धावत येतो. निकालाच्या रकान्यात त्या दिवशी होळकरांच्या नावापुढे ‘पराभूत’ एवढेच लिहिले गेले.

१९४५-४६. पान कोरे, शून्यापासून आरंभ. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. एकाच डावात सहा जणांनी शतके केली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. अंतिम सामना बडोद्याशी होता. पन्नाशी ओलांडलेल्या कर्णधार नायडूंनी त्यात २०० धावा काढल्या. सामना ५६ धावांनी जिंकून होळकर संघ प्रथमच विजेता झाला. ज्या वयात शरीराचे ऐकून घरी बसावे असे लोक सुचवू लागतात, त्या वयातले हे द्विशतक आहे.

१९४६-४७. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा बडोदा; या वेळी मैदान बडोद्याचे. होळकर गतविजेते होते, पण २०२ धावांतच त्यांचा डाव आटोपला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले, तेव्हा सामन्यात काही रंग उरला आहे असे वाटले असेल. त्यानंतर विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी इतकी मोठी भागीदारी तोवर झाली नव्हती आणि तो विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या. होळकर दुसऱ्या डावात १७३ धावांत बाद झाले आणि एक डाव व ४०९ धावांनी हरले. विक्रमांच्या पुस्तकात या भागीदारीची नोंद आहे. ती होत असताना क्षेत्ररक्षण करणाऱ्या अकरा जणांची नोंद कोणी वेगळी ठेवीत नाही.

ती येथे मुद्दाम केली पाहिजे. याच काळातील दुसरा एक सामना त्यासाठी आठवावा लागेल. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा सामना चालू होता. होळकरांच्या त्या सहा शतकवीरांपैकी भाऊसाहेब निंबाळकर या वेळी महाराष्ट्राकडून खेळत होते. ते ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या काही फटक्यांवर आला होता. तेव्हा काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि संघ मैदान सोडून गेला. विक्रम नऊ धावांनी हुकला. मानहानीचे भय माणसाला कोठवर नेते, याचे हे उदाहरण. होळकर संघाने दोन वर्षांच्या अंतराने एकदा ७६४ आणि एकदा ७८४ धावा मोजून घेतल्या, पण मैदान सोडले नाही. खेळात निकाल विरुद्ध गेला तर तो सहन करता येतो. अर्ध्यावर सोडलेल्या खेळाचे समर्थन मात्र पिढ्यान्‌पिढ्या करीत बसावे लागते.

१९४७-४८. देश स्वतंत्र झाला होता, संस्थाने विलीन होऊ लागली होती. एक डाव व ४०९ धावांनी हरलेला संघ पुन्हा अंतिम सामन्यात उभा होता. सामना इंदूरला, समोर मुंबई. होळकरांनी तो ९ गडी राखून जिंकला. सर्वांत दारुण पराभव आणि पुढचे विजेतेपद यांच्यामध्ये फक्त एका वर्षाचे अंतर होते. मधल्या काळात संघ मोडून नवा बांधला गेला नव्हता, की कर्णधाराला हटवण्यात आले नव्हते. सराव चालू राहिला होता. योगायोग असा की, त्याच हंगामात इंग्लंडमध्ये कॉम्प्टनचा आर्सेनल क्लब ४२ सामन्यांत २३ विजय, १३ बरोबऱ्या आणि ६ पराभव अशा कामगिरीने साखळी विजेता ठरला. आर्सेनलही सहा सामने हरला होता. विजेत्याच्या नोंदीतही पराभवाचा रकाना रिकामा नसतो. प्रेस्टनसारखे अपवाद विरळाच.

१९४८-४९ मध्ये होळकर संघ अंतिम फेरी गाठू शकला नाही. पुढचे निकाल थोडक्यात असे. १९४९-५० : बडोद्याकडून ४ गड्यांनी पराभव. १९५०-५१ : गुजरातवर १८९ धावांनी विजय. १९५१-५२ : मुंबईकडून ५३१ धावांनी पराभव. १९५२-५३ : बंगालविरुद्ध कलकत्त्यास पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर विजेतेपद. १९५३-५४ : मुंबईकडून ८ गड्यांनी पराभव. १९५४-५५ : इंदूरच्या घरच्या मैदानावर मद्रासकडून ४६ धावांनी पराभव, मद्रासचे ते पहिलेच विजेतेपद.

आता बेरीज करू. १९४४-४५ ते १९५४-५५ असे अकरा हंगाम. त्यांपैकी दहा हंगामांत अंतिम सामना. त्या दहांत चार विजय आणि सहा पराभव.

पालकहो, ही बेरीज दोन प्रकारांनी वाचता येते. केवळ शेवटचा रकाना पाहणारा म्हणेल, दहापैकी चार, म्हणजे चाळीस टक्के. प्रगतिपुस्तकाची सवय झालेल्या डोळ्यांना हे काठावरचे यश वाटेल. जो पूर्ण तक्ता वाचेल त्याला दिसेल की अकरांपैकी दहा वर्षे देशातील अखेरच्या दोन संघांत या संघाचे नाव होते. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी घराघरांत नजर पहिल्यांदा कोठे जाते? टक्केवारीवर. वर्षभर तो किती दिवस वेळेवर आला, गणितात मार खाऊनही दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसला की नाही, याचा रकाना प्रगतिपुस्तकात बहुधा नसतो. तो पालकांनी आणि शिक्षकांनी मनात ठेवायचा असतो.

या संघातील एका खेळाडूविषयी येथे सविस्तर सांगणे उचित होईल, कारण तो जबलपूरच्या शेजारचा. चंद्रशेखर उर्फ चंदू सरवटे यांचा जन्म २२ जुलै १९२० रोजी सागर येथे झाला. सागरच्या मराठी घरातील हा मुलगा होळकर संघाचा फिरकी गोलंदाज आणि भरवशाचा फलंदाज झाला. १९४६ साली होळकरांना पहिला करंडक मिळाला, त्याच उन्हाळ्यात तो भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला. ओव्हल मैदानावर सरे या संघाविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांवर बाद झाले होते. दहाव्या क्रमांकावर आलेले सरवटे खेळपट्टीवर होते आणि अकराव्या क्रमांकावरील बंगालचे शुटे बॅनर्जी त्यांच्या साथीला आले. अशा वेळी यजमान खेळाडू मनातल्या मनात पुढच्या डावाची तयारी करू लागतात. या दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे १२४ नाबाद, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकांच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याचे क्रिकेटमधील हे एकमेव उदाहरण मानले जाते.

पुढे जानेवारी १९४८ मध्ये मेलबर्नच्या कसोटीत हेच सरवटे विनू मांकड यांच्याबरोबर सलामीला उतरले आणि पहिल्या गड्यासाठी दोघांनी १२४ धावा उभारल्या. दहाव्या क्रमांकावर पाठवले तरी खेळायचे, पहिल्या क्रमांकावर पाठवले तरी खेळायचे. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांविषयी अकारण घाईने मत बनवणाऱ्या सर्वांनीच, शिक्षकांनी तर विशेषत्वाने, सरवट्यांचे हे दोन डाव लक्षात ठेवावेत. चरितार्थाच्या दृष्टीने सरवटे अंगुलिमुद्रातज्ज्ञ होते, म्हणजे बोटांच्या ठशांचे जाणकार. प्रत्येक माणसाचा ठसा निराळा असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता कथेच्या उत्तरार्धाकडे. १९५४-५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेच्या तक्त्यातून नाहीसे झाले. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते. दरबारचा आश्रय संपला आणि काळ बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनंतर आजचा मध्य प्रदेश अस्तित्वात आला. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि येथे उच्च न्यायालय आले. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, न्यायालय, शाळा-महाविद्यालये यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे नर्मदेच्या या परिसरात स्थिरावली होती, त्यांचे नागपूरशी असलेले राजधानीचे नाते सुटले. घरात मराठी, अंगणापलीकडे हिंदी, असा संसार त्यांनी मनापासून केला. या शाळेची साठ वर्षे त्याच संसाराचा भाग आहेत.

अकरा वर्षांत दहा अंतिम सामने खेळलेला संघ इतक्या सहज कसा नाहीसा झाला? गुणांची उणीव नव्हती. नावलौकिकाचीही नव्हती. परंतु त्या संघाचा पाया एका दरबाराच्या औदार्यावर आणि एका असामान्य कर्णधाराच्या खांद्यांवर होता. गुणी खेळाडू बाहेरून बोलावले जात, त्यांना नोकरी मिळे, मान मिळे. स्थानिक मुलेही घडली; मुश्ताक अली इंदूरचेच, सरवटे सागरचे. मात्र आश्रयदाते गेले आणि नायडू निवृत्तीकडे झुकले, तेव्हा दरवर्षी नव्याने मुले आणून उभी करणारी व्यवस्था तितकी खोल रुजलेली नव्हती. त्यानंतर या प्रदेशाला अंतिम सामन्यासाठी फार मोठी प्रतीक्षा करावी लागली.

ती संपली १९९८-९९ च्या हंगामात. एप्रिल १९९९, बंगळूरचे चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशचे कर्णधार होते मुंबईहून येऊन या संघाचे झालेले चंद्रकांत पंडित. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक मध्य प्रदेशाचा होता. १९५२-५३ मध्ये होळकर संघ याच नियमाने जिंकला होता. शेवटच्या दिवशी २४७ धावांचा पाठलाग करताना, किंवा केवळ टिकून राहताना, संघ १५० धावांत कोसळला. विजय भारद्वाजने सहा गडी बाद केले आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. हाती आलेला करंडक निसटणे म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी पंडितांना कळले.

तेवीस वर्षे गेली. जून २०२२. तेच बंगळूर, तेच चिन्नास्वामी स्टेडियम. मध्य प्रदेशाचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात आणि पंडित आता प्रशिक्षक. समोर ४१ वेळा करंडक जिंकलेली मुंबई, पंडितांची जन्मभूमी. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली. मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत आटोपला आणि कर्णधार आदित्य श्रीवास्तवच्या संघाने १०८ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून गाठले. १९५२-५३ च्या होळकर संघानंतर या भूमीत पुन्हा करंडक आला. पंडितांच्या डोळ्यांतील पाणी त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

या विजयात एकही खेळाडू होळकर संघाच्या नावावर जगलेला नव्हता. त्यांच्यातील एकाचाही जन्म त्या काळातला नव्हता. जुन्या चार करंडकांतील एकही धाव त्यांना उसनी मिळाली नाही. तरीसुद्धा इंदूरच्या ज्या मैदानाला २०१० पासून होळकर स्टेडियम म्हणतात, त्या मैदानाच्या नावात एक ऋण होते आणि ते या मुलांनी शून्यापासून खेळून फेडले.

माजी विद्यार्थी मित्रहो, आज या मांडवात शाळेच्या जुन्या हंगामांचे कौतुक चालले आहे. कोणी आपल्या वर्गाची खिडकी शोधतो आहे, कोणी बाईंच्या पाया पडतो आहे. हे कौतुक खरे आहे आणि ते शाळेने कमावलेले आहे. परंतु हिंदीभाषक शहरातील मराठी माध्यमाच्या शाळेने स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो हीरकमहोत्सवातच विचारला पाहिजे : पुढच्या हंगामात मैदानावर कोण उतरणार? पहिलीच्या वर्गातील बाकांवर कोणाची मुले बसणार? ज्यांचे शिक्षण या भाषेत झाले आणि ज्यांना त्या शिक्षणाचा अभिमान आहे, त्यांच्या घरात आज ही भाषा वाचता येते काय? होळकर संघाचे नाव दहा अंतिम सामन्यांनीही वाचवले नाही. शाळेचे नाव साठ वर्षांच्या आठवणींनी वाचेल, असे समजणे धाडसाचे ठरेल.

यावर एकच ठाशीव उपाय सांगता येणार नाही. प्रत्येकाने मूल याच शाळेत घालावे, असा आग्रह धरणेही योग्य नव्हे. गरजा निराळ्या, गावे निराळी, नोकऱ्या निराळ्या. पण काही गोष्टी प्रत्येकाच्या आवाक्यातल्या आहेत. सुट्टीत नातवंडांना घेऊन ग्रंथालयात तासभर बसता येते. गणित, विज्ञान, खेळ यांपैकी जे ज्याला येते ते आठवड्यातून एकदा येऊन शिकवता येते. एखाद्या मुलाची फी भरता येते आणि कोणाला न सांगता भरता येते. एका दरबाराच्या आश्रयावर उभी असलेली संस्था त्या दरबाराबरोबर जाते. शेकडो घरांच्या थोड्याथोड्या श्रमावर उभी असलेली संस्था टिकण्याची शक्यता अधिक असते.

आणि विद्यार्थ्यांना सांगायचे ते असे. पुढील वर्षी निकाल लागतील. काहींचे मनासारखे लागतील, काहींचे लागणार नाहीत. ज्यांचे लागणार नाहीत त्यांनी बडोद्याच्या मैदानावर हजारे आणि गुल महंमद यांच्या धावा मोजत उभे राहिलेल्या अकरा जणांना आठवावे. ते खेळ संपेपर्यंत मैदानात होते. घरी परतले, आणि पुढच्या हंगामात पुन्हा पांढरे कपडे घालून सरावाला आले. एक वर्षानंतर करंडक त्यांच्या हातात होता. ज्यांचे निकाल चांगले लागतील त्यांनी हेही आठवावे की त्याच अकरा जणांपैकी अनेकांच्या हाती आदल्या वर्षीचा करंडक होता आणि त्याने त्यांना एक धावही दिली नाही.

जून महिन्यात शाळा उघडते, नव्या हजेरीपटावर नवी नावे लिहिली जातात आणि सर्वांच्या नावापुढचे रकाने कोरे असतात. त्या कोऱ्या रकान्यांसमोर उभे राहण्याचे बळ या शाळेला, तिच्या शिक्षकांना आणि तिच्या मुलांना लाभो, हीच हीरकमहोत्सवानिमित्त शुभेच्छा.